लडाखची प्रवासवर्णनं : कुणाचा बुद्ध, कुणाची शांतता?

मराठी पांढरपेशा माणसाला बुद्ध दोन ठिकाणी आवडतो. एक दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात, शेजारी मनीप्लांट असला तर उत्तम. दुसरा चौदा हजार फुटांवर, बर्फाच्या डोंगराखाली, रंगीत पताकांच्या मागं. या दोन्हींच्या मधल्या उंचीवर, म्हंजे आपल्या वस्तीतल्या विहारात पत्र्याच्या छपराखाली जो बुद्ध बसलाय, तो त्याला चालत नाही. तिथं त्याला लाउडस्पीकरचा त्रास होतो. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीनं त्याचा रस्ता अडतो. तोच माणूस लेहला जातो, पहाटे पाचला गोंपातल्या नगाऱ्यानं जागा होतो आणि वहीत लिहितो, मन शांत झालं. नगारा दोन्हीकडं नगाराच आहे, दोस्तहो. तो कोण वाजवतोय यावर ऐकणाऱ्याचा कान ठरतो.

हे मी का लिहितोय ते आधी सांगतो. मी गिरणीत रिंग फ्रेमवर काम करतो. शाळा दहावीपर्यंत झाली, पुढचं सगळं ग्रंथालय आणि रद्दीचं दुकान. गेली दोन-तीन वर्षं पाळी सुटल्यावर लडाख-स्पितीवरचं जे मराठीत हाती लागलं ते वाचत आलो. पुस्तकं, दिवाळी अंकांतले लेख, यात्रा कंपन्यांची पत्रकंसुद्धा. कारण आपली पोरंही आता तिकडं जायला लागलीत. आमच्याच खात्यातला एकजण हप्त्यावर घेतलेली गाडी घेऊन मनालीवरून लेहला जाऊन आला आणि फोटोखाली त्यानं लिहिलं, 'धम्मभूमी'. जे वाचून तो गेला आणि जे वाचून त्याला हा शब्द सुचला, ते साहित्य तपासणं आपलं काम आहे. मी लडाख पाहिलेलं नाही. पण परीक्षण मी डोंगरांचं करत नाही, कागदाचं करतो, आणि कागद माझ्यापुढं आहे.

या लेखनातली हयात लेखकांची नावं घेत नाही. आमच्याकडं एकाच काउंटचं सूत दहा बॉबिनवर गुंडाळलं तरी काउंट तोच राहतो, तशी ही पुस्तकं आहेत. पहिल्या प्रकरणात प्राणवायू कमी पडतो. दुसऱ्यात खारदुंग ला येतो आणि लेखक पाटीवरची उंची उतरवून घेतो. त्या पाटीवर कित्येक वर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं. मोजमापात खिंड भरते ५,३५९ मीटर, म्हणजे साधारण १७,५८२ फूट. सातआठशे फूट हवेतले, पण पाटीवर आहेत म्हणून पुस्तकात आले. तिसऱ्या प्रकरणात थिकसेच्या मैत्रेयापुढं लेखक निःशब्द होतो आणि त्या निःशब्दतेवर चार पानं लिहितो. ती मूर्ती १९८० सालची, म्हंजे लेखकाच्या पहिल्या स्कूटरच्या वयाची. तरी भाषा प्राचीनतेची. शेवटच्या प्रकरणात एक लहान लामा हसतो, लेखकाला जगण्याचा अर्थ कळतो, आणि तो अर्थ घेऊन तो पुण्यात येऊन पहिल्यासारखाच राहतो.

हा साचा आला कुठून? आपल्याकडं हिमालय म्हटलं की तीर्थ, ही सवय जुनी. काकासाहेब कालेलकर १९१२ साली हिमालयात हिंडले. त्यावरचं त्यांचं पुस्तक मूळ गुजरातीत आलं, पुढं मराठीत वाचलं गेलं. भाषा सुंदर आहे, नाकारत नाही. पण हेच कालेलकर १९५३ साली पहिल्या मागासवर्ग आयोगाचे अध्यक्ष झाले. १९५५ साली अहवाल सादर करताना सोबतच्या पत्रात त्यांनी जातीच्या आधारावर मागासपण ठरवायलाच आपली नापसंती लिहून दिली. पुस्तक आणि पत्र यांचा सरळ संबंध जोडायचा मोह मी टाळतो. एवढंच म्हणतो, की डोंगरावरचा दगड न् दगड प्रेमानं पाहणारी नजर जातीपाशी आली की बिचकते, हे मराठी प्रवासी मनाचं जुनं दुखणं आहे. आजचे लडाखवाले लेखक त्याच नजरेचे वारस आहेत. बद्रीनाथाच्या जागी त्यांनी गोंपा ठेवला. हात जोडायची पद्धत तीच राहिली.

पण मराठीत दुसरा रस्ताही होता, हे आपण विसरलो. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी. १८९९ च्या अखेरीस घर सोडलं, पुण्यात आले, संस्कृत शिकले, काशीत अन्नछत्रात जेवून पुढचा अभ्यास केला आणि १९०२ साली नेपाळात गेले. कशासाठी? बुद्धाचा धर्म कुठं जिवंत आहे ते बघायला. त्यांच्या 'निवेदन' या आत्मचरित्रात हा भाग आहे. प्रत्येक कार्यकर्त्यानं तो वाचावा. एवढ्या हालअपेष्टा काढून पोचलेला माणूस. त्याला तिथं बौद्ध धर्माची जी अवस्था दिसली तिनं तो निराश झाला, आणि ती निराशा त्यानं लपवली नाही. इतक्या लांब आलोय तर आता भारावून जाऊच, असं त्याचं झालं नाही. परतला, बुद्धगयेला गेला, तिथून कलकत्ता, मग सिलोन, आणि तिथं जाऊन पाली शिकला. पुढं १९१२ ते १९१८ याच पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली.

'निवेदन'मध्ये निसर्ग कमी आहे, प्रश्न जास्त आहे. म्हणून मला ते लडाखवरच्या साऱ्या चकचकीत पुस्तकांपेक्षा मोठं प्रवासवर्णन वाटतं. प्रवासवर्णनाची माझी कसोटी हीच. माणूस कोणता प्रश्न घेऊन निघाला, आणि उत्तर मनासारखं आलं नाही तेव्हा त्यानं काय लिहिलं?

आता तो प्रश्न घेऊन लडाखकडं बघू.

तिथल्या बौद्ध समाजात पूर्वापार उतरंड आहे. वर राजघराणं आणि मोठे लामा, खाली सरदार-अधिकाऱ्यांची घरं, मग सामान्य शेतकरी, आणि सगळ्यांच्या तळाशी तीन नावं : मोन, गारा, बेडा. गारा म्हणजे लोहार. मोन म्हणजे वाजवणारे, सुतारकामही करणारे. बेडा म्हणजे गावोगाव फिरून वाजवणारे, मागून खाणारे. यांतले बहुतेक बौद्ध, बेडांत मुसलमानही आहेत. लग्न असो, नव्या वर्षाचा सण असो, तिथं माणसं रांगेनं बसतात. त्या रांगेला ड्रल म्हणतात. ज्याची जशी पायरी तशी त्याची जागा. मोन, गारा, बेडा यांची जागा शेवटाला. त्यांच्याशी सोयरीक नाही. त्यांची भांडी इतरांनी वापरायची नाहीत. आणि त्यांच्या पोरांना गोंपात भिक्षू करून घ्यायचं नाही, अशी परंपरा.

वाचताना मला आपली पंगत आठवली. वेगळी कपबशी आठवली. देवळापुढं हलगी वाजवणारा मांग आठवला, ज्याच्या वाजण्याशिवाय देवाची पालखी हलत नाही आणि ज्याच्या पायाला देवळाची पायरी लागू द्यायची नाही. तिकडं सुरना आणि दमन ही वाद्यं मोनांची. लग्नाला, जत्रेला, मोठ्या लामाच्या स्वागताला ती वाजायलाच पाहिजेत. वाजलं की शुभ, वाजवणारा अशुभ. हे गणित सह्याद्रीतही तेच आणि हिमालयातही तेच. मधे दीडदोन हजार किलोमीटर आहेत आणि देवाचं नाव वेगळं आहे. देवाच्या जागी बुद्ध आहे, म्हणून ते जास्त झोंबतं.

कुणी म्हणेल, ही गुपितं आहेत, आठ दिवसांच्या पाहुण्याला कशी कळणार? गुपित नाही. सरकारी कागद आहे. १९८९ साली जम्मू-काश्मीरसाठी अनुसूचित जमातींचा आदेश निघाला. त्यात आठ नावं आहेत. बोट वेगळे, म्हणजे तिथले बहुसंख्य बौद्ध. आणि बेडा, गर्रा, मोन हे तीन वेगळे. चार नावं कशाला लागली, एवढा प्रश्न पडला असता तरी पुरे होतं. लडाखवर अभ्यास करणाऱ्यांनी हे लिहिलंय, लडाखी माणसांनीही आपल्या समाजाच्या या दुखण्यावर बोट ठेवलंय. आमच्या मराठी लेखकाला मात्र जत्रेतलं 'लोकसंगीत' ऐकू येतं आणि वाजवणारा दिसत नाही. फोटो असतो. फोटोखाली नाव असतं वाद्याचं.

ही उतरंड टिकते कशावर? जमिनीवर. गोंपा म्हणजे एकांतातली जागा, असा त्या शब्दाचा अर्थ. पण गोंपा जमीनदारही असतो. हेमिससारख्या मोठ्या गोंपांची शेतं गावोगाव पसरलेली, कसणारी कुळं वेगळी. १९५० साली जम्मू-काश्मीरात मोठ्या जमीनदाऱ्या मोडणारा कायदा आला. पावणेतेवीस एकरांवरची जमीन कसणाऱ्याला. देशातला तो फार पुढचा कायदा होता. लडाखच्या गोंपांच्या जमिनी त्यातून वगळल्या गेल्या. त्यासाठी जोरानं बोलले ते कुशोक बकुल. त्यांची बाजू अशी, की गोंपा एका माणसाचा नसतो, गावाचे सगळे विधी त्या धान्यावर चालतात, जमीन गेली तर धर्म जाईल. बाजू ऐकून घ्यावी अशी आहे. पण पुढचा प्रश्न विचारायचाच : जो धर्म जमीन गेली की जातो, त्यात कुळाची जागा कोणती? आज लेहच्या विमानतळाला याच बकुलांचं नाव आहे. आमचा लेखक त्याच विमानतळावर उतरतो आणि पहिलं वाक्य आकाशाच्या निळेपणावर लिहितो.

स्पितीचंही तसंच. घरातला थोरला जमीन राखायचा आणि धाकट्यांनी गोंपात जायचं, अशी तिथली रीत. थोडक्या जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून. म्हणजे तो जो हसणारा लहान लामा आहे, ज्याच्या चेहऱ्यावर लेखकाला वैराग्य दिसतं, त्याच्या मागं वारशाचा हिशोबही असू शकतो. त्या रीतीत त्या डोंगरातल्या माणसांचं शहाणपण आहे, मी हसत नाही. पण पोटाच्या व्यवस्थेला वैराग्य म्हणणारा लेखक त्या पोराला माणूस म्हणून बघत नाही, चित्र म्हणून बघतो.

बायांचं काय? तिकडच्या भिक्षुणींना चोमो म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यातल्या कितीतरी जणी घरच्या आणि गोंपाच्या शेतात राबत आल्या, शिक्षण मिळालं ते भिक्षूंना. १९९६ साली डॉ. त्सेरिंग पाल्मो यांनी लडाखमध्ये भिक्षुणींची संघटना उभी केली तेव्हा शिक्षण आणि औषधोपचार यांची वाट मोकळी व्हायला लागली. तिबेटी परंपरेत पूर्ण भिक्षुणीदीक्षाच नव्हती. २०२२ साली भूतानमध्ये १४४ जणींना ती मिळाली. बुद्धानंतर अडीच हजार वर्षांनी! एवढी मोठी घटना आपल्या प्रवासवर्णनांत येत नाही. येते ती म्हातारी चोमो, सुरकुतलेली, चहा देणारी.

आणि रस्ता. ज्या रस्त्यावरून ही सगळी शांतता गाठायची तो सीमा सडक संघटनेचा. ती १९६० साली स्थापन झाली. दगड फोडायला, डांबर ओतायला झारखंडची माणसं, दुमक्याकडची, त्यांत संथाळ आदिवासी पुष्कळ. तोंडाला फडकं बांधून, खिंडीत, तंबूत राहून. २०२० साली टाळेबंदीत अडकलेल्या अशा ६० मजुरांना लेहहून विमानानं रांचीला आणलं, तेव्हा चार दिवस त्यांची बातमी झाली. एरवी ते गाडीच्या काचेतून मागं पडतात. मी गिरणीतला माणूस आहे, मला पानावर आधी काम दिसतं. तीनशे पानांच्या पुस्तकात रस्ता करणाऱ्याला एक ओळ नाही, तर मग ते प्रवासवर्णन कसलं? प्रवास ज्याच्यावरून झाला तेच गायब.

२४ सप्टेंबर २०२५ ला लेहमध्ये सहाव्या अनुसूचीच्या आणि राज्याच्या मागणीसाठी चाललेल्या आंदोलनात गोळीबार झाला आणि चारजण मेले. ज्यांना लडाखी माणूस 'सदा हसतमुख' वाटत होता ते लेखक त्या दिवशी काय करत होते? हसतमुख माणसालाही जमीन, नोकरी, मत पाहिजे असतं.

इथपर्यंत प्रस्थापितांना झोडपलं की आपल्याला बरं वाटतं. आता आपल्याकडं वळतो, कारण आपलं लेखनही मी वाचलंय. आपली पोरं तिकडून येतात आणि लिहितात : बुद्धाची भूमी, इथं जात नाही, इथं सगळे समान. का लिहितात ते कळतं. गावकुसाबाहेर जन्मलेल्या माणसाला कुठंतरी असा एखादा प्रदेश हवा असतो, जिथं आपला धम्म राज्य करतोय. ही भूक खरी आहे, तिची चेष्टा मी करणार नाही. पण तिच्यापोटी मोनाला, गाऱ्याला, बेड्याला आपण अदृश्य करायचं? आपल्या बापजाद्यांना ज्यांनी अदृश्य केलं त्यांच्याच रांगेत मग आपण जाऊन बसतो, आणि ड्रलच्या वरच्या टोकाला बसतो.

बाबासाहेबांनी ही पळवाट ठेवलेलीच नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच त्यांनी भिक्षूचा प्रश्न मांडला : भिक्षू हा स्वतःपुरता परिपूर्ण माणूस व्हायचा, की समाजाचा सेवक? हा प्रश्न घेऊन कुठल्याही गोंपाच्या दारात उभं राहता येतं. ते स्वतःही हिमालयाकडं गेले होते. दीक्षेनंतर महिन्याभरानं, नोव्हेंबर १९५६ मध्ये, प्रकृती ढासळलेली असताना काठमांडूला, जागतिक बौद्ध परिषदेला. तिथं २० नोव्हेंबरला ते बोलले ते बुद्ध आणि मार्क्स यांवर. दारिद्र्य, शोषण, खाजगी मालमत्ता. हिमालयाच्या पायथ्याशी उभं राहून त्यांनी मालमत्तेचा प्रश्न काढला. पुढच्या पंधरवड्यात ते गेले. आपल्या प्रवासवर्णनाला यापेक्षा वेगळा गुरू शोधायची गरज नाही.

आणि जवळचं बघा. पुण्याहून लोणावळा लोकल पकडायची, मळवलीला उतरायचं. एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला कार्ले. कार्ल्याच्या चैत्याच्या दाराशी लेख आहे : हे दार धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुतारानं केलं. दोन हजार वर्षं त्या सुताराचं नाव दगडात आहे. तिकडं जुन्नरच्या लेण्यांत बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींची नावं आहेत. म्हंजे आपल्या या डोंगरात हातानं काम करणाऱ्याचं नाव विहाराच्या भिंतीवर कोरलं जात होतं. बुरूड, सुतार, कासार. लडाखमध्ये लोहाराच्या पोराला दार बंद, आणि इथं सुताराचं नाव दारावर. दोन्ही बौद्धच.

पण इथंही भाबडं व्हायचं नाही. त्याच कार्ल्यात दुसरा लेख आहे : उषवदातानं करजिक नावाचं गाव तिथल्या भिक्षूंना दान दिलं. अख्खं गाव, कसणाऱ्या माणसांसकट. जमीनदार विहाराची सुरुवात आपल्या दारातच झालेली दिसते. कोसंबींनी १९३५ सालच्या 'हिंदी संस्कृति आणि अहिंसा'मध्ये श्रमणांच्या ऱ्हासाचं कारण परिग्रहात शोधलं, ते इथं दगडावर वाचता येतं. सामी सुतार आणि करजिक गाव, दोन्ही एकाच डोंगरात. बौद्ध धर्माचा सगळा झगडा या दोन लेखांत आहे. लडाखमध्ये करजिकची बाजू जिंकली आणि टिकली. आपल्याकडं दोन्ही बुजल्या, आणि १९५६ साली बाबासाहेबांनी सामी सुताराच्या बाजूनं पुन्हा सुरुवात केली, असं मी समजतो. देहूरोडच्या विहारात २५ डिसेंबर १९५४ ला त्यांनी रंगूनहून आलेली मूर्ती बसवली. लष्कराच्या डेपोत राबणाऱ्या आपल्या माणसांच्या वस्तीत. तिथं कुणाची जागा रांगेच्या शेवटी नव्हती.

म्हणून लडाखला जाऊ नका असं मी म्हणत नाही. जरूर जा. ताबोचा गोंपा बघा, ९९६ सालचा, मातीच्या भिंतींचा, हजार वर्षं उभा. तो बघायला मलाही आवडेल, पैसे साठले की जाईन. पण गेलात तर लिहा, आणि लिहिताना हे विचारून लिहा : या गावात वाजवणारे कुठं राहतात? त्यांचं घर इतरांच्या घरांत आहे की कडेला? गोंपात लोहाराचा पोरगा आहे का? असेल तर कोणत्या साली पहिला आला, कुणी आणला, कुणी विरोध केला? गोंपाचं शेत कोण कसतं, वाटा किती? चोमोला कोणती पुस्तकं शिकवतात? रस्त्यावरच्या मजुराला रोज काय मिळतो? मोनाच्या घरी चहा प्या, त्याच्याच कपानं. त्याला सांगा, आम्हीही वाजवणारे होतो, मेलेलं ओढणारे होतो, आणि आम्ही त्याच बुद्धाकडं आलो तो वेगळ्या दारानं. त्याला बाबासाहेबांचं नाव माहीत आहे का, ते विचारा. माहीत असेल तर तो काय म्हणतो ते जसंच्या तसं लिहून आणा. नसेल तर तेही लिहा.

असं एक प्रवासवर्णन मराठीत अजून माझ्या वाचनात आलेलं नाही. ते आपल्यातल्याच कुणीतरी लिहायचंय. फुलस्केपची वीस पानं झाली तरी चालतील. स्टेन्सिल कापायला मी बसतो. जयभीम.